टेबलाखालचा तुकडा

बुधवारी संध्याकाळी याच सदराचा मधला परिच्छेद शेवटी न्यावा म्हणून कापला आणि तेवढ्यात फोन आला. हाताच्या सवयीने फाइल सेव्ह करून बंद केली. फोनवरच्या माणसाला एक मोबाइल नंबर हवा होता, तो कॉपी करून पाठवला. मग फाइल उघडून कंट्रोल-व्ही दाबलं, तर लेखाच्या शेवटी दहा आकडे! कंट्रोल-झेडही चालेना, एकदा बंद केलेल्या फाइलला मागचं काही आठवत नाही.

शेजारी पानं लावणारे काका पूर्वी पेस्टिंगला होते. ब्रोमाइड कापायचं, गोंद लावायचा, पानावर बसवायचं. माझा चेहरा पाहून म्हणाले, “बाई, खिडकीचं चित्र असलेलं बटण धरा आणि व्ही दाबा.” एक चौकोन उघडला. वर तो नंबर, त्याखाली माझा परिच्छेद! “कापलेला तुकडा आमच्या वेळी टेबलाखाली पडायचा,” काका म्हणाले. “वाकलं की मिळायचा. हे तसंच.”

काकांची उपमा मुळाला धरून आहे. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा एडिटर तयार केला. त्यातलं कट आणि पेस्ट आलं ते थेट कागद, कात्री आणि गोंदातून. फक्त तुकडा ठेवायला जागा एकच. नवा आला की जुना गेला. टेबलाखाली पाहायची सोय विंडोजमध्ये २०१८ साली आली. पंचवीस तुकडे राहतात, मशीन बंद करून सुरू केलं की जातात. ती सोय आधी एकदा चालू करावी लागते. माझ्या मशीनवर काकांनी ती मला न सांगताच करून ठेवली होती. (कॉपी केलेला पासवर्डही तिथेच पडून राहतो, तेव्हा ऑफिसच्या मशीनवर जपून.)

शॉर्टकटच्या लांबलचक याद्या मला कधी पाठ झाल्या नाहीत. फजिती झाली की एक शिकायचा, एवढंच जमलं. ब्राउझरमधला टॅब चुकून बंद झाला तेव्हा कंट्रोल-शिफ्ट-टी कळलं. वर्डमधली लांबलचक फाइल दुसऱ्या दिवशी उघडून ‘कुठवर आलो होतो’ शोधत बसले, तेव्हा शिफ्ट-एफ-फाइव्ह.

सगळ्यात महाग पडला तो ऱ. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ लिहायचं होतं, छापून आलं ‘सह्याद्रीच्या दर्या’. सह्याद्रीत समुद्र कधी शिरला, असं एका वाचकाने पोस्टकार्डावर विचारलं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर जे म्हणजे र. त्याला हलन्त देऊन य जोडला की रफार होऊन वर जातो. शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा ऱ येतो; मग डी दाबून हलन्त आणि पुढे य. तीन ठोक्यांत दरी. इतकी वर्षं मी असे शब्द जुन्या लेखांतून कॉपी करून आणत होते, हे काकांना अजून सांगितलेलं नाही.

त्या बुधवारी चौकोनात परिच्छेदाखाली आणखी एक तुकडा होता. सकाळी लेखाच्या सुरुवातीला लिहिलेलं आणि मग कापलेलं एक अलंकारिक वाक्य. काकांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं.

“हे मात्र,” म्हणाले, “टेबलाखालीच राहू द्या.”