फूल शेतात उमलते, भाव वाटेत कोमेजतो

गेल्या हंगामात आमच्या परिचयातील एका घरी लग्न होते. वेदीपुढे, बाकांच्या टोकांना, नवरानवरीच्या गाडीवर, मंडपाच्या कमानीवर, सगळीकडे जरबेराची फुले. पाहुण्यांनी कौतुक केले. सजावट करणारा तरुण म्हणाला, "साधा माल नव्हे हा, मोठ्या शहरातून मागवला आहे." कोपऱ्यात रिकाम्या खोक्यांची चळत होती. सहज एक खोके उलटून पाहिले, तर त्यावर काळ्या शाईने ठळक अक्षरांत लिहिलेले नाव आमच्या शेजारच्याच गावातील शेतकऱ्याचे! वीस किलोमीटरवरचे फूल रात्रीच्या बसने मोठ्या शहरात गेले, तेथे एक दिवस थांबले, आणि दुसऱ्या रात्रीच्या बसने पुन्हा आमच्याकडे आले. त्या प्रवासात फुलाचे दोन दिवसांचे आयुष्य गेले. पुढे त्या शेतकऱ्याला गाठून विचारले, तेव्हा कळले की लग्नघराने दांडीमागे जे पैसे मोजले, त्याचा पाचवा हिस्सासुद्धा त्याच्या हाती पडला नव्हता.

या प्रसंगात कोणी कोणाला फसविले असे आम्ही म्हणत नाही. बसवाल्याने भाडे घेतले, अडत्याने अडत घेतली, सजावटकाराने आपली मजुरी घेतली. प्रत्येकाने आपापले काम केले. तरीही शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघेही तोट्यात गेले. असे का व्हावे, आणि आपल्या हाती काही आहे की नाही, याचा विचार या वेळी करावयाचा आहे.

आपल्या मुलखाचे भाग्य

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. जुनी माणसे त्याला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. ही थंड हवा फुलांना मानवते. झेंडू, शेवंती, गलांडा, अ‍ॅस्टर ही सुटी फुले आपल्याकडे पूर्वीपासून होत आली. २००५-०६ साली राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले आणि हरितगृहाला, म्हणजे लोक ज्याला पॉलिहाऊस म्हणतात त्याला, अनुदान मिळू लागले. मग दांड्याची फुले आली. जरबेरा, गुलाब आणि कार्नेशन आपल्या शिवारात दिसू लागले.

बाजाराच्या दृष्टीनेही आपण मोक्याच्या जागी बसलो आहोत. पुणे-बेंगळुरू महामार्ग आपल्या दारातून जातो. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. एका अंगाला हुबळी, दुसऱ्या अंगाला सांगली-मिरज. फुलाला मराठीत फूल म्हणा की कन्नडमध्ये हूवु म्हणा, कोगनोळीच्या नाक्यावर त्याला कोणी भाषा विचारीत नाही. असे असूनही पॉलिहाऊसचा मालक बँकेच्या हप्त्याच्या तारखेला तोंड लपवितो. दोष आमच्या मते पिकविण्यात फारसा नाही. फूल तोडल्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंतच्या दोन-तीन दिवसांत तो आहे.

तोडलेले फूल जिवंत असते

हे वाक्य प्रत्येक फूलशेतकऱ्याने शेडच्या भिंतीवर लिहून ठेवावे. झाडापासून वेगळे झाले तरी फूल श्वास घेत असते आणि साठविलेली साखर खर्च करीत असते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा खर्च दुपटी-तिपटीने वाढतो. दुपारच्या उन्हात तोडून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले फूल तासाभरात जेवढे आयुष्य गमावते, तेवढे थंड जागी अर्ध्या दिवसातही गमावीत नाही.

म्हणून तोडणी सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी करावी. जरबेरा विळ्याने कापू नये. दांडा बुडाशी धरून हलका पीळ देऊन उपटावा, मग खालचा दोन-तीन सेंटिमीटरचा टणक भाग कापून टाकावा, कारण त्या भागातून पाणी वर चढत नाही. मधल्या चकतीच्या कडेच्या दोन-तीन ओळी उमलल्यावरच फूल तोडावे. घाईने आधी तोडले तर दुसऱ्या दिवशी मान टाकते. गुलाबाचे उलट आहे. तो कळी घट्ट असताना, बाहेरची एखादी पाकळी सैल होऊ लागली की तोडावा. ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखविला की पुरे. झेंडू मात्र पूर्ण उमललेला हवा.

तोडलेले फूल ताबडतोब स्वच्छ बादलीत, स्वच्छ पाण्यात ठेवावे. बादली रोज घासावी. घाणेरड्या पाण्यातील जंतू दांड्याच्या बारीक नळ्या बुजवितात आणि पाण्यात उभे असलेले फूल तहानेने मरते. गुलाब आणि कार्नेशन दोन ते चार अंशांवर चांगले टिकतात. मात्र अँथुरियम व ऑर्किड ही उष्ण मुलखातील फुले एवढ्या थंडीत काळी पडतात, त्यांना बारा-तेरा अंशांच्या खाली नेऊ नये. आणखी एक चूक नेहमी दिसते. फुलांची खोकी पिकत्या केळ्या-आंब्यांच्या शेजारी ठेवली जातात. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने कार्नेशन एका रात्रीत मिटते.

आता बसचा प्रवास पाहा. संध्याकाळी खोकी मोटारसायकलवर बांधून हमरस्त्यावर आणावयाची आणि खासगी बसच्या पोटात ठेवावयाची. खाली इंजिनाची ऊब, वर कोणाचे तरी पोते. पहाटे बाजारात उतरेपर्यंत दाबलेली, माना मोडलेली फुले निघतात ती निघतातच. ही नासाडी कोणाच्याही वहीत लिहिली जात नाही. ती निमूटपणे शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होते.

एक साधा हिशेब

समजा, १,००० दांड्या पाठविल्या आणि त्यांपैकी १५० वाटेत निकामी झाल्या. उरलेल्या ८५० दांड्यांना चार रुपये भाव मिळाला, तर झाले ३,४०० रुपये. दहा टक्के अडतीचे ३४० गेले. बसभाडे, हमाली, खोकी, फुलांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या यांचे ६०० धरा. हाती राहिले २,४६०. आता तोडणी, पाणी आणि भरणी सुधारून १५० ऐवजी ५० च दांड्या निकामी झाल्या असे धरू. ९५० दांड्यांचे ३,८०० होतात. अडत ३८० आणि इतर खर्च तोच ६००, हाती २,८२० रुपये. म्हणजे भाव एक पैसाही न वाढता शेतकऱ्याच्या हाती सुमारे पंधरा टक्के अधिक पडले. बी, खत, औषध यांची चर्चा आपण पारावर तासन्‌तास करतो. बादलीची आणि सावलीची चर्चा कोणी करीत नाही.

भाव कोण ठरवितो?

दुसरे दुखणे भावाचे. माल गेल्यानंतर दोन-तीन दिवसांनी पट्टी येते किंवा फोन येतो, "आज मार्केट पडले." फूल परत आणता येत नाही, ठेवता येत नाही. मग मिळेल ते घ्यावयाचे. निपाणीच्या माणसाला ही व्यथा नवी नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी याच महामार्गावर ठाण मांडले होते. ते आंदोलन मोडताना गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. मागणी एवढीच होती की माल पिकविणाऱ्याला भाव ठरविताना विचारा. तंबाखू निदान वर्षभर घरात ठेवता येतो. फूल तर दोन दिवसही थांबत नाही, म्हणून फूलवाल्याची बाजू अधिकच दुबळी आहे.

जगात यावर उपाय शोधले गेले आहेत. हॉलंडमधील आल्समीर येथे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेतर्फे फुलांचा लिलाव होतो. तेथे भावाचा काटा वरून खाली येतो आणि जो प्रथम कळ दाबील त्याला माल मिळतो. सर्वांसमक्ष, क्षणात. प्रत्येक खोक्याचा भाव नोंदला जातो आणि पिकविणाऱ्याला तो कळतो. आपल्याच राज्यात बेंगळुरूच्या हेब्बाळ येथे अशाच धर्तीचे लिलाव केंद्र आहे. पण ते आपल्यापासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. बेळगावात अशोकनगरला फूलबाजार आहे. तेथे दांड्याच्या फुलांसाठी शीतगृह आणि उघडा लिलाव, या दोन गोष्टी नेटाने चालल्या, तर शेजारच्या गावचे फूल शहर फिरून आपल्याच मांडवात येण्याची पाळी येणार नाही. फलोत्पादन खात्याने आणि लोकप्रतिनिधींनी येथे लक्ष घालावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हरितगृहाला अनुदान द्यावयाचे आणि फुलाला थंड खोली द्यावयाची नाही, हे बाळाला जन्म देऊन पाळणा न देण्यासारखे आहे.

पंचांग आणि कॅलेंडर

फुलाची मागणी सणांवर चालते. गणपती, दसरा, दिवाळी यांना झेंडू-शेवंतीचे भाव चढतात. चातुर्मासात हिंदू बांधवांची लग्ने थांबतात. आपल्याकडे उपवासकाळात वेदीवर फुले ठेवीत नाहीत आणि लग्नेही सहसा होत नाहीत. पास्कापासून पुन्हा मागणी सुरू होते. २ नोव्हेंबरला कबरींवर फुले लागतात, पुढे नाताळ आणि गोव्याकडील लग्नांचा हंगाम. ही दोन्ही वेळापत्रके समोर ठेवून लागवड आणि छाटणी ठरविणारा शेतकरी टिकतो. सर्वांनी एकाच सणावर डोळा ठेवला की त्या सणाच्या सकाळी रस्त्याकडेला झेंडूचे ढीग टाकून लोक घरी परततात. हे दृश्य दसऱ्याला आपण पाहिलेले आहे.

आणि कधी सण असूनही बाजार नसतो. २०२० साली २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षी पास्का १२ एप्रिलला होता. देवळे बंद, चर्च बंद, लग्ने बंद, बस बंद. जरबेराचे झाड मात्र थांबत नाही. फूल तोडले नाही तर झाड खराब होते, म्हणून लोक मजुरी देऊन फुले तोडीत आणि खड्ड्यात टाकीत. ज्याचे सगळे शेत एकाच फुलाखाली होते तो पुरता बुडाला. ज्याने बाजूला भाजीपाला ठेवला होता त्याच्या घरची चूल पेटत राहिली. हा धडा विसरू नये.

तोडणाऱ्या हातांची काळजी

आता आरोग्याचे दोन शब्द. फूल खाण्याचा जिन्नस नाही, म्हणून त्यावर औषधे मुक्तहस्ताने मारली जातात. पण फूल तोडणाऱ्या, जुड्या बांधणाऱ्या, हार ओवणाऱ्या बहुतेक आपल्या आयाबहिणी असतात. त्यांची बोटे दिवसभर त्याच पाकळ्यांत असतात, आणि सुई किंवा दोरा दातांत धरण्याची सवयही असते. पॉलिहाऊस बंद असल्याने औषधाचा वास आत कोंडतो. म्हणून फवारणीनंतर पडदे उघडून हवा खेळू द्यावी, औषध पूर्ण वाळल्याशिवाय आणि डब्यावर सांगितलेली मुदत संपल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नये. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा द्यावा. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. गरोदर स्त्रियांना व मुलांना फवारणीजवळ येऊच देऊ नये. बाजारातल्या गुच्छातील गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नये, की त्या ताटात सजावटीला घालू नयेत.

आपण काय करावे?

शेतकऱ्यांना आमचे सांगणे असे. पाच-सहा जणांनी मिळून एक थंड खोली आणि एक गाडी करावी. मालाची प्रत लावूनच जुड्या बांधाव्यात, वर चांगले आणि आत हलके असे करू नये. एकदा गेलेला विश्वास दहा खोक्यांनी परत येत नाही. लेखी पट्टी मागावी आणि जपून ठेवावी.

गिऱ्हाइकांना, म्हणजे आपणा सर्वांना, सांगणे असे. लग्न ठरले की सजावटकाराला विचारा, "फूल कोठले?" जवळच्या शेतकऱ्याला महिनाभर आधी सांगितले तर तो त्या तारखेचा माल राखून ठेवील. त्याला दोन पैसे अधिक मिळतील, आणि तुमचे फूल दोन दिवस अधिक टिकेल. घरी आणल्यावर दांड्याचे टोक तिरके कापा, रोज पाणी बदला, पंख्याखाली ठेवू नका.

आणि शेवटी प्लॅस्टिकच्या फुलांविषयी. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरून फेकण्याच्या काही प्लॅस्टिक वस्तूंना बंदी झाली. सजावटीचे थर्माकोल त्या यादीत आले, पण प्लॅस्टिकची फुले आली नाहीत. कायद्याने बंदी होईल तेव्हा होईल. स्वस्त पडतात, वर्षानुवर्षे चालतात, हे खरे. पण धूळ खाऊन ती काळी पडतात आणि शेवटी कचऱ्यात जळतात. शिवाय त्यांच्या प्रत्येक माळेमागे शेजारच्या गावातील एक खोके कमी विकले जाते. आपल्या वेदीवर दोनच फुले असू द्या, पण ती खरी असू द्या. ज्याने ती पिकविली, तो कदाचित तुमच्या शेजारच्याच बाकावर बसलेला असेल.