‘जैन नाचोज’ मागितले की झालं?



आम्हा वाकोल्याच्या मंडळींना मेक्सिकन म्हटलं की अजून चौपाटीसमोरचं क्रीम सेंटरच आठवतं. सांताक्रूझहून लोकल, चर्नी रोडला उतरायचं, जरा समुद्र बघायचा आणि मग नाचोज! 1958 पासूनचं शाकाहारी हॉटेल, त्यामुळे सासूबाईसुद्धा निर्धास्त येतात.

पण शाकाहारी म्हणजे जैन नव्हे, आणि ‘जैन’ म्हणजे फक्त कांदा-लसूण-बटाटा वगळणं नव्हे. नाचोजवर राजमा असतो आणि त्यावरच सार क्रीम. राजमा द्विदल, आणि सार क्रीम म्हणजे न तापवलेलं, आंबवलेलं गोरस. घरी आपण कच्च्या दह्यात भजी बुडवत नाही, मग इथे डोळेझाक का? वेटरला ‘द्विदल’ कळणार नाही. त्याला सरळ सांगावं, “राजमा नको” किंवा “क्रीम नको”. दोन्हींपैकी एकच.

मुलं म्हणतात, “आई, मग मजा काय?” त्यांना सांगा, 1940 च्या दशकात मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावी इग्नासिओ अनाया यांनी पहिले नाचोज केले, त्यात मक्याचे तुकडे, चीज आणि मिरची एवढंच होतं. ना कांदा, ना राजमा! आपल्या नियमाने पदार्थ बिघडत नाही, उलट मूळ रूपाजवळ जातो.

आणि हो, जेवायला दुपारीच जा. सूर्यास्ताची घाई नको. आजी घड्याळाकडे बघत बसली आणि नातवंडं खात राहिली, तर ते एकत्र जेवण कसलं? एका ताटातलं सगळ्यांना चाललं, तरच बाहेर जाण्यात अर्थ आहे.