सात नंबरचा घोटाळा

आधीच सांगतो, 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतला मी नाही. जुनं पुष्कळदा नुसतंच जुनं असतं. गळकी कौलं, रॉकेलची रांग, ट्रंककॉल... यातलं काहीही मला परत नकोय. तेव्हा माझ्या गॅलरीतल्या नऊ जुन्या गोल्फच्या काठ्या बघून "काका नॉस्टॅल्जियात रमलेत" असा जो निकाल घरच्या ग्रुपवर लागला, तो मला मान्य नाही. तिथे अंगठ्याने टाइप करत भांडण्यापेक्षा इथे सविस्तर भांडतो.

गोल्फ माहीत नसलेल्यांसाठी (म्हणजे आपले जवळजवळ सगळे नातेवाईक!) थोडं सांगायला हवं. आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याची काठी. तीन ते नऊ नंबर आणि पुढे वेज. नंबर लहान तसं डोकं उभं आणि चेंडू लांब, बुटका जातो. नंबर वाढला की डोकं तिरपं आणि चेंडू उंच जाऊन जवळ पडतो. म्हणजे काठीवरचा आकडा हा एका कोनाचं टोपणनाव आहे. कंपासपेटीतला कोनमापक आठवा, बस्स.

माझ्या काठ्या घडीव आहेत. घडीव आणि ओतीव हे आपल्याकडचे दोन सुंदर शब्द हल्ली फक्त मूर्तीचं किंवा भाषेचं कौतुक करताना वापरले जातात, पण ते मूळचे कारखान्यातले. ओतीव म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतलेला. घडीव म्हणजे तापवून घणाखाली ठोकून आकाराला आणलेला, गावचा लोहार कोयता करायचा तसा. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ महापे एमआयडीसीत आयुष्यभर फोर्जिंगच्या कामात होते. त्यांनी माझी पाच नंबरची काठी हातात घेतली, बोटाने टिचकी मारली आणि "मऊ पोलाद आहे" एवढंच म्हणाले. खरंच तसं आहे. कमी कार्बनचं पोलाद, त्यावर क्रोमचा मुलामा, मागची बाजू सपाट, कड पातळ, म्हणूनच नाव ब्लेड. मऊ असल्यामुळे शिकंज्यात धरून कोन एखाद-दोन अंश वाकवून दुरुस्त करता येतो. सगळ्या ओतीव काठ्यांना हे लाड चालत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचंही न्यायाने सांगतो. १९६०च्या दशकापर्यंत जवळजवळ सगळेच अशा ब्लेडने खेळत. मग कार्स्टन सोल्हाइम नावाचा अमेरिकेतला इंजिनिअर आला. जन्माने नॉर्वेजियन, जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला. त्याने पिंग नावाची कंपनी काढली आणि डोक्याच्या मधलं वजन काढून कडेला नेलं. वजन कडेला गेलं की चेंडू मध्यावर लागला नाही तरी डोकं हातात कमी फिरतं आणि फटका फार भरकटत नाही. हे खरं विज्ञान आहे. नवशिक्याला, सांधे दुखणाऱ्याला, रविवारपुरतं खेळणाऱ्याला अशी काठी जरूर घ्यावी. माझं भांडण सोल्हाइमशी नाही.

माझं भांडण आकड्याशी आहे.

गेल्या वर्षी एका मॉलमधल्या दुकानात (नाव सांगत नाही) मला यंत्रासमोर उभं करून माझी सात नंबरची आणि त्यांची सात नंबरची, अशा दोन्ही काठ्यांनी चेंडू मारायला लावले. त्यांची पंधरा-वीस मीटर पुढे गेली. विक्रेता मुलगा विजयी मुद्रेने म्हणाला, "बघा सर, टेक्नॉलॉजी!" मी विचारलं, "बाळा, हिचा कोन किती?" त्याला माहीत नव्हतं. पुस्तिकेत शोधलं तर २९ अंश. माझ्या सातचा मी मोजून घेतलेला आहे, ३८ अंश. आणि माझ्या पाचचा ३१! म्हणजे त्याची सात ही माझ्या पाचपेक्षाही उभी. पाचाला सात म्हणायचं आणि मग सात किती लांब जाते बघा म्हणून टाळ्या घ्यायच्या!

कंपन्यांचं म्हणणं असं, की नव्या काठीचं वजन खाली असल्याने चेंडू आपोआप उंच उडतो, म्हणून कोन कमी करावाच लागतो. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही. पण मग तिला पाच म्हणा ना! आकडा का ढकलायचा? गंमत पुढेच आहे. वेजचा कोन पूर्वी ५० अंशांच्या आसपास असे, आता कित्येक सेटांत तो ४३-४४ वर आलाय. त्यामुळे वेज आणि त्यापुढची सँड वेज यांच्यात खड्डा पडला. तो बुजवायला एक नवी काठी विकायला काढली आणि तिचं नावच 'गॅप वेज'! स्वतःच भिंतीला भोक पाडायचं आणि मग सिमेंट विकायचं. नियमाने पिशवीत चौदाच काठ्या चालतात, १९३८ पासून. त्यातली एक जागा अशी गेली.

मास्तर माणूस आहे, त्यामुळे हे बघून मला निकालपत्रक आठवतं. आमच्या वेळी साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास आणि पेढे. २०१० मध्ये आपल्या बोर्डात 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, म्हणजे सहातले सर्वांत चांगले पाच विषय धरायचे. त्यात वाढीव गुण. २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला. मुलं हुशार झाली असतीलही, मला आनंदच आहे. पण नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाला आपल्याला नेमकं काय येत नाही हे कोण सांगणार? घडीव ब्लेड ते सांगते. मध्यावर लागला तर हाताला काही जाणवतच नाही, लोणी कापल्यासारखं. अर्धा इंच चुकला की कोपरापर्यंत झिणझिण्या. थंडीत तर विचारू नका. लाल शाईचा शेरा ताबडतोब मिळतो. आठवड्यातून दोनदा झिणझिण्या खाऊन माझा चेंडू पूर्वीपेक्षा सरळ जायला लागलाय. फार लांब नाही, सात नंबरने जेमतेम शंभर मीटर. माझ्या वयाला तेवढं पुरतं.

"पण हा आपला खेळ आहे का?" हा ग्रुपवरचा दुसरा प्रश्न. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला याच खेळासाठी गेला होता, हे एक. दुसरं म्हणजे, मी चेंबूरला शिकवत होतो. तिथल्या १९२७ च्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात कॅडीचं काम करणारी वस्तीतली मुलं बांधकामाच्या सळया वाकवून काठ्या करतात आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. पत्र्यांच्या मधून, गटाराच्या पलीकडे! परदेशी फोटोग्राफर येऊन त्यांचे फोटो काढून गेले. त्या सळईवर ना नंबर, ना क्षमाशील कडा. तिच्यावर हात बसलेला पोरगा लाखाच्या सेटवाल्याला सहज भारी पडेल, असं मला वाटतं. तेव्हा आपला-परका हे खेळाला विचारू नका, पिशवीच्या किमतीला विचारा.

किमतीवरून आठवलं. माझा सगळा सेट दोन हजार दोनशेला पडला, भंगारवाल्याशी घासाघीस करून. तो वजनावर द्यायला निघाला होता, वजनावर तर आणखी स्वस्त पडला असता! रॉकेल आणि पितळी ब्रशने गंज काढला, मुठीचं रबर नवं बसवून घेतलं. खारघरला सिडकोच्या कोर्सवर जातो तेव्हा लोक वाकून बघतात, एक-दोघांनी विकत मागितला. नाही म्हटलं.

न्यू जर्सीच्या भाच्याने "मामा, मी पुढच्या वेळी नवीन सेट आणतो" असं प्रेमाने लिहिलंय. आण बाबा, पण त्याआधी एक काम कर. तुझ्या सात नंबरचा कोन मोज आणि खाली कॉमेंटमध्ये लिही. पुस्तिकेतला नको, मोजलेला.