सेट-टॉप बॉक्सचं अपडेट नेमकं कुणाच्या हातात?

मोबाईल घेताना आपण आता हमखास विचारतो, "अपडेट किती वर्षं मिळणार?" गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ सोबत सात वर्षांचा शब्द दिला, पुढच्याच वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी तेच जाहीर केलं. पण टीव्हीशेजारी धूळ खात पडलेल्या सेट-टॉप बॉक्सबद्दल हा प्रश्न कुणी विचारलेला मी तरी ऐकला नाही. खरं तर तोही कॉम्प्युटरच आहे. प्रोसेसर, मेमरी, ऑपरेटिंग सिस्टीम, सगळं आहे त्यात. पण त्याचं अपडेट कधी यायचं, काय यायचं आणि कधी थांबायचं, यातलं काहीच तुमच्या हातात नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाव सातारा जिल्ह्यात, निम्मे पाहुणे सांगलीकडे. त्यामुळे सुट्टीत गेलो की "तू कॉम्प्युटरवाला ना, जरा बघ की टीव्हीला काय झालंय" हे ठरलेलंच. आता विषय काढायचं कारण मात्र घरगुती नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने प्रसारण सेवांच्या नव्या परवाना-व्यवस्थेबद्दल सरकारला शिफारशी दिल्या. त्यात एक जुनाच मुद्दा पुन्हा आला: एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालला पाहिजे. हा मुद्दा एवढा का रेंगाळलाय हे समजायचं असेल तर आधी बॉक्समध्ये काय चालतं ते बघू.

आपल्याकडे बॉक्स आला कसा

केबलचं डिजिटायझेशन चार टप्प्यांत झालं. मुंबईचा नंबर २०१२ मध्ये लागला, पुणे-सोलापूरसारख्या शहरांचा २०१३ मध्ये. सातारा, कराड, सांगली-मिरज ही शहरं तिसऱ्या टप्प्यात आली आणि गावं चौथ्या. तिसऱ्या टप्प्याची मुदत खरं तर ३१ डिसेंबर २०१५ होती. कोर्टकचेऱ्या झाल्या, मुदतवाढ मिळाली. शेवटी ३१ जानेवारी २०१७ आणि गावांसाठी ३१ मार्च २०१७ या तारखा ठरल्या.

पाटण-जावळीच्या डोंगरात किंवा जत-आटपाडीच्या लांब लांब वस्त्यांवर केबल ओढणं परवडत नाही. तिथे डीटीएचची छत्री किंवा दूरदर्शनची फ्री डिश हाच सोपा मार्ग. म्हणजे या दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत पहिला 'कॉम्प्युटर' आला तो या बॉक्सच्या रूपात. फक्त त्याला कुणी कॉम्प्युटर म्हटलं नाही.

'अपडेट' म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

गावात सगळ्यालाच 'अपडेट' किंवा 'रिफ्रेश' म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळी कामं आहेत.

पहिलं, चॅनेलची यादी. चॅनेलचा नंबर बदलला, नवा आला, जुना गेला, ही माहिती सिग्नलसोबत सतत येत असते. फ्री डिशवाले अधूनमधून 'स्कॅन' करतात ते हेच.

दुसरं, परवानगी. रिचार्ज केल्यावर कंपनी तुमच्या बॉक्सच्या किंवा कार्डच्या नंबरसाठी एक छोटा गुप्त संदेश सोडते: याला अमुक चॅनेल दाखव. बॉक्स तेव्हा बंद असेल तर संदेश हुकतो, म्हणून 'बॉक्स चालू ठेवा' असं सांगतात. केबलवाला 'रिफ्रेश मारतो' म्हणजे हाच संदेश पुन्हा पाठवायला लावतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून चॅनेल निवडून पैसे भरायची नवी पद्धत लागू झाली, तेव्हा देशभर गोंधळ उडाला तो मुख्यतः या पातळीवरचा होता.

तिसरं, खरं सॉफ्टवेअर अपडेट, म्हणजे फर्मवेअर. हे आलं की मेनू बदलतो, चुका दुरुस्त होतात, सुरक्षेची भोकं बुजतात. हा लेख मुख्यतः या तिसऱ्याबद्दल आहे.

हवेतून अपडेट येतं कसं

मोबाईल सर्व्हरला विचारतो, "माझ्यासाठी काही आहे का?" साधा डीटीएच बॉक्स विचारू शकत नाही. छत्री फक्त ऐकते, बोलत नाही. मग कंपनी काय करते? अपडेटची फाईल तुकडे करून सिग्नलमध्ये गोल गोल फिरवत ठेवते. याला 'डेटा कॅरोसेल' म्हणतात. एसटी स्टँडवर गाड्यांची तीच यादी पुन्हा पुन्हा पुकारतात, तुमची गाडी ऐकायची राहिली तर पुढच्या फेरीची वाट बघायची. अगदी तसंच.

सोबत एक सूचना असते: अमुक उत्पादक, अमुक मॉडेल, अमुक व्हर्जन. बॉक्स ती स्वतःशी ताडून बघतो. आपल्यासाठी असेल तर तुकडे गोळा करतो, सगळे नीट आलेत का तपासतो, कंपनीची डिजिटल सही खरी आहे का बघतो, मग फ्लॅश मेमरीत लिहून रीस्टार्ट होतो. युरोपातल्या डीव्हीबी संस्थेने यासाठी 'सिस्टीम सॉफ्टवेअर अपडेट' नावाचं मानकही केलेलं आहे.

ही सही महत्त्वाची, कारण तिच्यामुळे तिसरा कुणी तुमच्या बॉक्समध्ये भलतं सॉफ्टवेअर घुसवू शकत नाही. पण नाण्याची दुसरी बाजू अशी की तुम्हीही त्यात काही बदलू शकत नाही. गावातला केबलवालाही नाही, कारण चावी वर सिग्नल देणाऱ्या मोठ्या कंपनीकडे असते.

या चावीत ताकद किती? जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेत डायरेक्टटीव्हीने आधी काही महिने निरुपद्रवी दिसणारे छोटे तुकडे सॅटेलाईटवरून पाठवले आणि मग एका रविवारी चोरीची सुमारे लाखभर कार्डं कायमची निकामी केली. तिथे निशाणा चोर होते. पण घरातलं यंत्र वरून मारता येतं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

रात्री बोर्ड बंद, संध्याकाळी सिरीयल बंद

कंपन्यांचं गृहीतक असं की रात्री बॉक्स स्टँडबायवर असेल आणि तेव्हा निवांत अपडेट होईल. आपल्याकडे रात्री बोर्डावरचं बटणच बंद करतात. वीजबिल, विजा कडाडण्याची भीती, सवय, काहीही म्हणा. मग अपडेट साचत जातं आणि नेमकं संध्याकाळी सिरीयलच्या वेळी स्क्रीनवर टक्के मोजत बसतं.

त्यात पावसाळा. डीटीएचचा केयू बँड सिग्नल जोराच्या पावसात क्षीण होतो. महाबळेश्वर-पाटणकडे हे रोजचंच. तुकडे अर्धवट येतात, तपासणीत नापास होतात आणि पुन्हा पुढच्या फेरीची वाट. हे त्रासदायक आहे, धोकादायक नाही. धोका असतो तो फ्लॅशमध्ये लिहिताना लाईट गेली तर. चांगल्या बॉक्समध्ये जुनी प्रत बाजूला ठेवलेली असते किंवा मूळ बूटलोडर शाबूत राहतो, त्यामुळे बॉक्स सावरतो. स्वस्तातल्या बॉक्समध्ये याची खात्री नाही.

शिवाय काही गोष्टी कोणतंच अपडेट देऊ शकत नाही. फ्री डिशच्या जुन्या एमपेग-२ बॉक्सवर एमपेग-४ चॅनेल दिसत नाहीत, कारण ते उलगडणारी चिपच त्यात नाही.

इंटरॅक्टिव्ह म्हणजे किती इंटरॅक्टिव्ह?

टाटा स्कायने 'ॲक्टिव्ह' नावाने गेम, स्वयंपाक, देवदर्शन अशा सेवा आणल्या तेव्हा टीव्ही आपलं ऐकतोय असं वाटायचं. पण त्या काळच्या अशा बहुतेक सेवा त्याच कॅरोसेलच्या जोरावर चालायच्या. ॲप आणि माहिती आधीच सिग्नलमध्ये फिरत असायची, रिमोटने तुम्ही त्यातलं एक पान उघडायचात. तुमचं बटण घराबाहेर जातच नव्हतं.

२०१९ नंतर अँड्रॉइड बॉक्स आले: एअरटेल एक्सस्ट्रीम, टाटा स्काय बिंज प्लस. यांना वायफाय जोडलं की संवाद खरोखर दोन्ही बाजूंनी होतो. अपडेट लवकर मिळतं, ओटीटी चालतं. आणि तुम्ही काय बघता तेही बाहेर जाऊ शकतं. जानेवारी २०२२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने टीआरपीसाठी बॉक्समधून परत येणारा डेटा वापरता येईल का, हे ठरवायला प्रसार भारतीच्या सीईओंच्या अध्यक्षतेखाली गट नेमला होता. त्यात गैर काही नाही, पण घरातल्यांना विचारून हे व्हायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे. अँड्रॉइड बॉक्स सुरू करताना 'ओके, ओके' दाबत जाणारा बहुधा घरातला तरुण मुलगा किंवा मुलगीच असते. म्हणजे आजी-आजोबांच्या वतीने संमती तुम्हीच देताय.

कंपनी बदलली की बॉक्स भंगारात

आता ट्रायकडे परत येऊ. डीटीएचच्या परवान्यात इंटरऑपरेबिलिटीची अट सुरुवातीपासून आहे. जुन्या बॉक्सला एक लांबट खाच दिसते, ती दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल बसवण्यासाठी. ते मॉड्यूल महाग पडलं आणि खाच रिकामीच राहिली. १० एप्रिल २०२० ला ट्रायने शिफारस केली की यूएसबीवर चालणारं मॉड्यूल वापरून सगळे बॉक्स आणि टीव्ही खुले करा. फेब्रुवारी २०२५ च्या शिफारशींत पुन्हा तोच सूर. बाजारात मात्र आजही कंपनी बदलली की बॉक्स बदलावा लागतो.

कंपन्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. प्रत्येकाची गुप्त संकेतप्रणाली वेगळी, बॉक्स सवलतीत दिलेला, पायरसीची भीती. पण किंमत ग्राहक मोजतो. रिलायन्सचा बिग टीव्ही २००८ मध्ये आला, पुढे मालक बदलले, नाव इंडिपेंडंट टीव्ही झालं आणि सेवा बंद पडली. बॉक्स चांगले होते, पण त्यांना परवानगी पाठवणारंच कुणी उरलं नाही.

पैसे देणारे डीटीएच ग्राहक मार्च २०२१ मध्ये सुमारे ६.९६ कोटी होते, मार्च २०२४ मध्ये सुमारे ६.२ कोटी. ग्राहक घटत असताना जुन्या मॉडेलच्या अपडेटवर खर्च करायची कुणाला हौस असणार? म्हणून माझ्या मते इंटरऑपरेबिलिटीच्या जोडीला आणखी एक साधी मागणी हवी: बॉक्सवर 'अमुक तारखेपर्यंत अपडेट मिळेल' असं छापलेलं असावं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून नेटला जोडता येणाऱ्या घरगुती उपकरणांवर सुरक्षा अपडेटची किमान मुदत सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे का नको?

तोपर्यंत घरी काय कराल

- महिन्यातून एक रात्र, पाऊस-विजा नसताना, बॉक्स स्टँडबायवर ठेवा. बोर्ड बंद करू नका.
- टक्के मोजत असताना प्लग काढू नका.
- मेनूमध्ये 'सिस्टीम इन्फो'सारख्या पानावर मॉडेल आणि सॉफ्टवेअर व्हर्जन असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. तक्रार करताना 'टीव्ही दिसत नाही'पेक्षा ते उपयोगी पडतं.
- कुणी पेनड्राइव्हवर 'सगळे चॅनेल फुकट' करणारं फर्मवेअर दिलं तर लांब राहा.
- नवा बॉक्स घेताना विचारा: भाड्याचा की विकत? विकत असेल तर किमान एक वर्षाची वॉरंटी मिळायलाच हवी. पावती जपा.
- कस्टमर केअरने दाद दिली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. त्याची माहिती बहुतेक ठिकाणी ९९९ नंबरच्या चॅनेलवर असते.

आणि ट्राय अशा विषयांवर निर्णयाआधी सल्लामसलत पत्र काढते तेव्हा त्यावर कोणताही सामान्य ग्राहक ईमेलने मत पाठवू शकतो. कंपन्या पानंच्या पानं पाठवतात. सातारा-सांगलीहून चार ओळी गेल्या तरी त्या नोंदवल्या जातात.