चिन्ह बदलतं म्हणे!

काल भाचीची आठवीची गणिताची वही हातात आली. दोन समांतर रेषा, एक छेदिका, आणि व्युत्क्रम कोन (३क्ष + २०) व (५क्ष − ४०) अंश. कोन किती? बाईसाहेबांनी २क्ष = ६० पर्यंत बरोबर आणलं, आणि पुढे लिहिलं क्ष = −३०!

"मामा, बाजू बदलली की चिन्ह बदलतं ना!"

म्हणजे २ पलीकडे गेला तोही उणे होऊन. कोन आला उणे ७० अंश. आकृतीत तो चांगला काटकोनापेक्षा मोठा दिसतोय, पण तिला काहीच खटकलं नाही.

दोष तिचा नाही, त्या मंत्राचा आहे. समीकरण म्हणजे तराजू. दोन्ही पारड्यांना २ ने भागा, संपलं. क्ष = ३०. भूमितीत तीच गत. 'झेड' दिसला की कोन समान, हे पाठ. अरे, पण रेषा समांतर नसल्या तरी झेड दिसतोच की!

"परीक्षेत एवढा वेळ कुठे असतो?" हे ठरलेलं उत्तर. उत्तर घालून ताळा बघायला दहा सेकंद लागतात हो.

आणि हसू नका. आपणही असल्याच मंत्रांवर इंजिनिअर झालो. कुठूनतरी उचललेला कोड चालला की 'का चालला' असं आपण विचारतो का? मग रात्री दोनला सर्व्हर झोपला की बसतो कपाळाला हात लावून.

असो. भाचीने ३० घालून पाहिलं. दोन्हीकडे ११० आले. "बरोबर आहे," ती म्हणाली. पहिल्यांदाच, मला न विचारता.