आत कोणी आहे का?

पेडणे महालात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे राहते, तेव्हा त्यास लिखित संहिता नसते. आख्यान कोणते हे ठरते, सोंगे कोणी घ्यावयाची हे ठरते, आणि पुढची सारी भाषणे नट आयत्या वेळी रचतात. समोरच्या पात्राने काही आडवे विचारले तरी उत्तर जिभेवर तयार! संगणक हा नट नेमका याच्या उलट जातीचा. संहितेबाहेरचे एक अक्षर त्यास सुचत नाही. संगणकाच्या या संहितेस सारे जग 'स्क्रिप्ट' म्हणते. आमच्या शाळेत तिने जे एक लहानसे काम केले, ते वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते.

आमच्या संगणकखोलीत लिनक्स ही प्रणाली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचे दप्तर, म्हणजे त्याच्या साऱ्या फायली, एका मध्यवर्ती यंत्रावर असतात. मूल कोणत्याही संगणकापुढे बसो, त्याचे दप्तर तेथे उघडते. सोय उत्तम आहे. परंतु पावसाळ्यात वीज जाते. बॅटरीचा आधार फक्त मध्यवर्ती यंत्रास. बाकीचे संगणक क्षणात काळे पडतात. वीज परतली की मूल रिकाम्या दिसेल त्या संगणकापुढे बसते, क्रोमियम या ब्राउझरच्या चित्रावर टिचकी मारते, आणि ब्राउझर उघडण्याऐवजी इंग्रजीतील एक लांबलचक सूचना पुढे येते. पस्तीस मिनिटांची तासिका. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याचा आठवड्याचा संगणक तेवढाच.

ब्राउझर बिघडलेला नसतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. तो उघडताना दप्तरात 'सिंगलटनलॉक' नावाचे एक कुलूप लावतो. त्या कुलपावर दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात : संगणकाचे नाव आणि त्यावर चाललेल्या कामाचा क्रमांक. एकाच दप्तरात दोन ठिकाणांहून एकाच वेळी लिहिले गेले तर आतील नोंदी नासतील, म्हणून ही दक्षता. ब्राउझर रीतसर बंद झाला की कुलूप आपोआप निघते. वीज गेली तर लावणारा नाहीसा होतो आणि कुलूप तसेच राहते. मूल पुन्हा त्याच संगणकावर बसले तर ब्राउझर स्वतःच पडताळा घेऊन जुने कुलूप काढतो. पण कुलपावर दुसऱ्या संगणकाचे नाव असेल तर तेथे काय चालले आहे हे पाहण्याचे त्यास साधन नाही. मग तो वापरणाऱ्यासच सांगतो की, दुसरे कोणी आत नाही याची खात्री असेल तर कुलूप काढा. सहावीच्या मुलाने ही खात्री कशी करावयाची?

यावर रूढ असलेला उपाय आम्हांस मुळीच पसंत नाही. कोणी जाणता येतो आणि ब्राउझरचे संपूर्ण प्रोफाइल पुसून टाकतो. ब्राउझर उघडतो खरा. पण जपून ठेवलेल्या खुणा, परवलीचे शब्द, पाहिलेल्या पानांची नोंद, सारे जाते. किल्ली हरवली म्हणून घरच पाडण्याचा हा प्रकार!

डिचोलीहून बदलून आलेल्या आमच्या संगणक-शिक्षकांनी प्रोफाइलला हात न लावता वीस-पंचवीस ओळींची संहिता लिहिली. ती 'बॅश' या शेलची आहे. शेल म्हणजे कवच. प्रणालीच्या गाभ्याभोवती ते खोबऱ्याभोवतीच्या करवंटीसारखे असते आणि आपल्या आज्ञा आत पोहोचविते. स्टीफन बॉर्न यांचे शेल १९७९ साली युनिक्सबरोबर बाहेर पडले. त्याच वळणावर ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये बॅश रचले. इतकी जुनी हत्यारे आजही पेडण्यात कामास येतात, याचे आम्हांस कौतुक वाटते.

संहिता प्रथम कुलपावरील नाव आणि क्रमांक वाचते. नंतर त्या नावाच्या संगणकास जाळ्यावरून विचारते : या क्रमांकाचे काम तुझ्याकडे चालू आहे काय? असल्यास ते ब्राउझरचेच आहे काय, आणि याच विद्यार्थ्याचे आहे काय? हा दुसरा प्रश्न अनाठायी नाही. संगणक पुन्हा सुरू झाला की तोच क्रमांक भलत्याच कामास मिळू शकतो. उत्तर 'नाही' आले तरच संहिता कुलूप काढते आणि ब्राउझर उघडते. उत्तरच आले नाही तर? यंत्र बंद असेल, किंवा नुसती तार निसटली असेल आणि आत काम चालूही असेल. अशा वेळी संहिता कुलपास हात लावीत नाही. 'उत्तर नाही' याचा अर्थ 'आत कोणी नाही' असा तिने घेतलेला नाही, आणि आमच्या मते तिचे सारे शहाणपण त्या दोन ओळींत आहे.

मराठीच्या माणसास यात आणखी एक गोष्ट भावली. संहितेत ज्या ओळीच्या आरंभी जाळीचे चिन्ह असते, ती संगणक वाचीत नाही. ती माणसासाठी असते. शिक्षकांनी अशा ओळी देवनागरीत लिहिल्या आहेत, आणि प्रत्येक आज्ञेवर तिचे कारण दिले आहे. सरकारी शाळेत माणूस बदलीने येतो आणि बदलीने जातो. त्याच्या हातची युक्ती बहुधा त्याच्याबरोबर जाते. येथे ती लिहून राहिली आहे. गोवा सरकारने २०२१ मध्ये शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची 'केअर्स' योजना आणली. पडद्यावरील मांजर चालविण्यात मुलांस आनंद आहे, तो असावाच. परंतु आठवीच्या मुलांनी ही संहिता मोठ्याने वाचून एकेका ओळीचे कारण सांगितले, तो तास आम्हांस अधिक मोलाचा वाटला.

त्याच तासात मुलांनी एक उणीव दाखविली. कुलूप काढावयाचे नसेल तेव्हा संहिता इंग्रजीत एकच शब्द दाखवून थांबत असे. मुलांनी मजकूर सुचविला, शिक्षकांनी तो घातला. आता पडद्यावर अक्षरे येतात : "तुझे दप्तर सात नंबरच्या संगणकावर उघडे असेल. तेथे कोणी बसले आहे का ते पाहा आणि सरांना सांग."