पहाटेची शिफ्ट

डायलिसिसच्या पेशंटला भेटायला येणारी माणसं दोन गोष्टी हमखास सांगतात: हिंमत ठेवा आणि नारळपाणी प्या. नारळपाणी आमच्या जिवावर बेतू शकतं, कारण किडनी निकामी झाली की पोटॅशियम रक्तातच साठत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हिंमतीबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे साडेपाचला मशीनवर असते, साडेनऊला सुटते, घरी दोन घास खाऊन दुपारी बाराला कामावर हजर. निरोगी किडनी आठवड्याचे 168 तास अखंड राबते. मशीनला तेच काम 12 तासांत उरकायचं असतं. बाकीचा सगळा वेळ आपला आपण सांभाळायचा. माझं दिवसभराचं पाणी मी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवते. कपभर चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून तुळशीला, वाटीभर आमटी घेतली की पुन्हा तेवढंच. रात्रीपर्यंत बाटलीत उरेल ते माझं. बटाटा चिरून भिजत घालायचा, उकडून ते पाणी फेकायचं, मगच फोडणी. उठल्याबरोबर डाव्या मनगटावर बोटं टेकवून फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीची, थरथर लागते ना ते बघायचं. त्या हाताला डायलिसिसशिवाय दुसरी सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, भाजीची पिशवीसुद्धा नाही.

हे सगळं अंगवळणी पडतं. माणूस खचतो तो दिवस हातातून गेल्यावर. मला आधी डायलिसिसची दुपारची शिफ्ट होती. सकाळ जायची वाट बघण्यात, संध्याकाळ थकव्यात. बिनपगारी रजा वाढत गेल्या आणि मी घरात कुणाशी बोलेनाशी झाले. पहाटेचा बेड रिकामा झाला, मी पुन्हा टेबलावर बसू लागले आणि महिन्याभरात घरच्यांना माझा आवाज ऐकू येऊ लागला. क्रिएटिनिन तेवढंच होतं, पोटरीत गोळे तसेच यायचे. फक्त दुपारी माझ्या सहीसाठी कुणीतरी खोळंबलेलं असायचं.

म्हणून मला वाटतं, पेशंटच्या मनोबलाची चर्चा शिफ्टच्या वेळापत्रकापासून सुरू व्हावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. 2016 साली केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, जिल्हा रुग्णालयांत मशीन बसली. या योजनांचं मोल माझ्यासारख्यांना पुरेपूर ठाऊक आहे. पण उपचार फुकट मिळूनही नोकरी गेली तर घर चालायचं कसं? माझ्या शेजारच्या बेडवरचे अण्णा जीप चालवायचे. भाड्याची खरी वेळ सकाळी दहा ते दोन, आणि नेमकी तीच त्यांची शिफ्ट. जीप विकली. आता सिस्टरांनी किती पाणी काढू विचारलं तरी ते मान हलवतात, एवढंच.

पहाटेच्या आणि रात्रीच्या शिफ्टमध्ये कमावत्या पेशंटला आधी जागा मिळावी. मशीनवरून उतरल्यावर अनेकांना दिवसभर उठवत नाही, त्यांना रात्रीची शिफ्ट बरी, उतरलं की थेट झोपता येतं. अवेळी टेक्निशियन आणि नर्स मिळत नाहीत, ही केंद्रांची अडचण खरी आहे. मग त्यांना रात्रपाळीचा भत्ता द्या, योजनेतून द्या. गावाकडच्यांची अडचण वेगळीच, पहिली एसटी शहरात पोचते तोवर पहाटेची शिफ्ट निम्मी झालेली असते. त्यांच्यासाठी जाण्यायेण्याची गाडी हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे.

आणि मालकांनी, संस्थांनी कामाच्या वेळा थोड्या हलवाव्यात. आमच्या संचालक मंडळाने तीन दिवसांसाठी माझी वेळ दुपारी 12 ते संध्याकाळी 7 करून दिली. मासिक सभेत तो विषय आला आणि त्याच बैठकीत ठराव झाला.